गेमच्या अटींवर ‘आय अ‍ॅग्री’ दाबलंय, आता ग्राहक आयोगात जाता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीत राहता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाता. सोळाव्या वर्षी मोबाइलवर एका लढाईच्या गेमचं अकाउंट उघडलंत, आता वय एकवीस. एवढ्या काळात टॉप-अप, सीझन पास आणि स्किन (पात्राचा किंवा हत्याराचा दिसण्यापुरता साज) मिळून ६१,४०० रुपये गेले; सुरुवातीचे १८,००० वडिलांच्या खात्यातून. गणपतीच्या आठवड्यात ‘बाहेरचं सॉफ्टवेअर वापरल्याचं आढळलं’ एवढाच मेसेज आला आणि अकाउंट कायमचं बॅन झालं. अपील केलंत, तर दोन ओळींचं ठरावीक उत्तर आलं. मग अटी उघडून बघितल्या. अकाउंट तुमच्या मालकीचं नाही, कंपनी ते कधीही बंद करू शकते, वाद झाला तर परगावी लवादाकडे, म्हणजे न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे, जायचं, न्यायालयही तिथलंच, एकट्यानेच जायचं, आणि काही झालं तरी कंपनीची जबाबदारी मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या रकमेपुरती. ओळखीचे वकील म्हणाले, अटी मान्य केल्यात ना, मग विषय संपला.

विषय संपलेला नाही. मात्र तुम्हाला ज्या कलमांची धास्ती आहे ती फारशी आड येणार नाहीत, आणि ज्यांच्याकडे तुम्ही ओझरतं बघितलंय ती येतील. लवाद आणि परगावचं न्यायालय ही दोन कलमं ग्राहक आयोगाची वाट अडवू शकत नाहीत. मालकी, बॅनचा अधिकार आणि जबाबदारीची कमाल रक्कम ही तीन मात्र शेवटी हातात किती पडणार ते ठरवतात. बहुतेक लोक पहिल्या दोघांशी भांडण्यात दम घालवतात आणि बाकीच्या तिघांसाठी कागद गोळाच करत नाहीत.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. करार नेमका कोणत्या कंपनीशी झाला, भारतातल्या की परदेशातल्या? बॅनच्या दिवशी अटींची कोणती आवृत्ती लागू होती? तुम्ही खरोखर काही टूल किंवा बदललेलं अ‍ॅप वापरलं होतं का? अकाउंट तुमचंच होतं की कोणाकडून विकत घेतलं होतं? आणि तुम्ही गेमवर कमाई करत होता का? यातल्या एखाद्याचं उत्तर वेगळं निघालं तर खालचा सल्लाही बदलतो.

बटण दाबण्याला किती किंमत

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. त्यामुळे ‘मी वाचलंच नव्हतं’ हा बचाव जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘अटी इंग्रजीत होत्या, आमचं शिक्षण मराठीत’ हा मुद्दा आपल्या भागात फार जण मांडतात. एकटा तो टिकत नाही. अटी एकतर्फी होत्या, त्यात बदल करायला वाव नव्हता, घ्या नाहीतर सोडा अशी स्थिती होती, या मोठ्या मुद्द्याला आधार म्हणून तो वापरावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात असमान ताकदीच्या पक्षांमधल्या अन्यायकारक अटींबद्दल जे सांगितलं, त्याचा आधार इथे घेता येतो. २०१९ च्या पायोनिअर अर्बनच्या निकालात बिल्डरच्या एकतर्फी करारालाच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं गेलं. तो निकाल घराच्या व्यवहारातला आहे, पण छापील अटींवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्याय नव्हता हे त्यातलं तर्कशास्त्र गेमच्या अटींनाही जसंच्या तसं लागतं.

बहुतेक अटींत ‘आम्ही कधीही बदल करू, तुम्ही खेळत राहिलात म्हणजे मान्य केलंत’ असं वाक्य असतं. म्हणून पाच वर्षांपूर्वी काय होतं यापेक्षा बॅनच्या दिवशी काय होतं याला महत्त्व आहे. अटींच्या पानावर सगळ्यात वर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख असते. ती दिसेल असं पान आजच पीडीएफ करून ठेवा. तारीख बॅननंतरची असेल तर जुनी आवृत्ती वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) मिळते का बघा. कंपनी आयोगापुढे हमखास नवी आवृत्ती जोडते, आणि तक्रारदाराकडे जुनी नसेल तर तीच खरी धरली जाते.

लवादाचं कलम

एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केलं की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात तक्रार चालते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १०० मध्येही हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाध आणणारा नाही, असंच म्हटलंय. तरीही कंपनीचे वकील पहिल्याच तारखेला लवाद कायद्याच्या कलम ८ खाली ‘वाद लवादाकडे पाठवा’ असा अर्ज टाकतात. तो आला म्हणून घाबरायचं नाही, लेखी म्हणणं देऊन हा निकाल दाखवायचा.

इथे दोन चुका होतात. पहिली, ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयात दावा लावणं. तिथे कलम ८ चा अर्ज बहुधा मंजूर होतो आणि तुम्ही लवादाच्या दारात जाऊन पडता. दुसरी, रागाच्या भरात आपणच कंपनीला ‘लवाद नेमा’ अशी नोटीस पाठवणं. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२ च्या निकालाप्रमाणे ग्राहकाने आपणहून आधी लवादाची वाट धरली तर नंतर आयोगात येणं त्याला अडचणीचं ठरतं. म्हणून नोटिशीत लवादाचा शब्दही काढू नका.

कंपनीनेच एखादा लवाद नेमून तुम्हाला ईमेल पाठवला, तर तिथे गुपचूप कैफियत देऊन बसू नका. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं चालत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमनपासून ते नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत वारंवार सांगितलं गेलंय. पहिल्याच उत्तरात लेखी हरकत नोंदवा.

परगावचं न्यायालय, आणि सीमाभागातली सोय

‘फक्त अमुक शहरातल्या न्यायालयांनाच अधिकार’ हे कलम दिवाणी दाव्यात चालतं, पण तिथेही अट आहे. ज्या न्यायालयाला मुळात अधिकार आहे अशा दोन-तीनमधून एक निवडता येतं. ज्याला अधिकारच नाही त्याला करार करून तो देता येत नाही. ए.बी.सी. लॅमिनार्टच्या १९८९ च्या निकालापासून ही भूमिका पक्की आहे.

ग्राहक आयोगाचं गणित याहून सोपं आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात कंपनीचं ठिकाण किंवा व्यवहाराचं कारण कुठे घडलं हे बघावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. तुमच्यासारख्यांना याचा दुहेरी फायदा आहे. निपाणीत राहता म्हणून बेळगाव जिल्हा आयोग. कागलला नोकरी म्हणून कोल्हापूर जिल्हा आयोग. बेळगावात राहून शिनोळीच्या कारखान्यात जाणाऱ्यांचंही असंच.

कुठला निवडायचा? बेळगावात कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. तुमचे कागद मराठीत असतील तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल, आणि वकील नसेल तर सुनावणीत भाषेची अडचण येते. कोल्हापुरात मराठी चालतं, पण ‘काम करतो’ हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र, पीएफचा उतारा. ठेकेदाराच्या हाताखाली रोखीने पगार घेत असाल आणि हातात एकही कागद नसेल, तर बेळगावच बरं. तिथे आधार आणि रेशन कार्डावर भागतं. दोन्हीकडे एकदम तक्रार मात्र करायची नाही.

या भागात आणखी एक घोळ असतो: सिम कार्ड महाराष्ट्राच्या पत्त्यावर, आधार कर्नाटकचं, आणि गेममध्ये तिसराच पत्ता. साध्या गेमला त्याने फरक पडत नाही. पण पैशांच्या गेमच्या अटींत काही राज्यं वगळलेली असायची, आणि कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केल्यावर इथल्या काही जणांनी पलीकडच्या नातेवाइकांचे पत्ते टाकून खेळणं चालू ठेवलं. ती दुरुस्ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली, पण खोटा पत्ता दिल्याची नोंद अकाउंटमध्ये राहिली, आणि ‘चुकीची माहिती दिली’ या कलमाखाली कंपनीच्या हातात आयता मुद्दा गेला. पत्त्यांमध्ये तफावत असेल तर तक्रारीतच खरं कारण सांगून टाका.

मालकी नाही, फक्त परवाना

आता जिथे खरी कुस्ती आहे तिकडे वळू. स्किन, नाणी, हत्यारं ही सगळी ‘मर्यादित, कधीही काढून घेता येणारा परवाना’ आहे, असं जवळजवळ प्रत्येक करारात असतं. ‘माझी मालमत्ता हडपली’ असा युक्तिवाद केलात तर कंपनी हे वाक्य दाखवून निम्मा खटला जिंकेल. त्यापेक्षा म्हणा: मी पैसे मोजून सेवा घेतली, ती सेवा पुरेसं कारण न देता मधेच तोडली, आणि न वापरलेल्या भागाचे पैसेही परत केले नाहीत. म्हणजे कलम २(११) मधली सेवेतली त्रुटी आणि कलम २(४७) मधली अनुचित व्यापारी प्रथा.

कंपनी लगेच म्हणेल, गेम फुकट आहे, आणि फुकटची सेवा कायद्यातल्या ‘सेवा’ या व्याख्येत बसत नाही. ज्याने कधी एक रुपया भरला नाही त्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. तुम्ही भरलेत, म्हणून तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच भरलेल्या रकमांचा तक्ता हवा.

तो तक्ता तीन कप्प्यांत करा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून: न खर्च केलेली नाणी २,९०० रुपयांची, बॅनच्या आधीच्या बारा महिन्यांत खर्च केलेले १४,५००, त्यातले शेवटच्या सहा महिन्यांतले ६,२००, आणि त्याआधीचे ४४,०००. पहिला कप्पा सगळ्यात भक्कम, कारण पैसे घेतले आणि त्याबदल्यात काही दिलंच नाही. दुसऱ्यासाठी भांडायला जागा आहे. आठवडाभरापूर्वी घेतलेला सीझन पास सीझन संपायच्या आत गेला असेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात रक्कम मागा. तिसरा कप्पा कमकुवत आहे. चार वर्षं जी स्किन लावून खेळलात, तिचा उपभोग घेऊन झालाय असंच आयोग म्हणण्याची शक्यता जास्त. सगळे ६१,४०० सरसकट मागण्यापेक्षा असे कप्पे पाडून मागितले तर मागणी हिशेबी दिसते, आणि आयोगाला काही भाग मंजूर करणं सोपं जातं.

जबाबदारीची कमाल रक्कम

‘सहा महिन्यांत भरलेल्या रकमेपुरती जबाबदारी’ हे कलम म्हणजे तुमच्या बाबतीत ६,२०० रुपये. याला हलक्यात घेऊ नका. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या कागदावर जबाबदारीची मर्यादा छापलेली होती म्हणून ग्राहकाला तेवढीच रक्कम दिली. कंपनीचे वकील हा निकाल आणणारच.

त्यावर तीन उत्तरं आहेत. ही मर्यादा सेवा देताना झालेल्या चुकीपुरती आहे, घेतलेले पैसे परत करण्याला ती लागू होत नाही, हे पहिलं. भारती निटिंगमध्ये कागदावर प्रत्यक्ष सही होती. इथे लांबलचक पानाच्या तळाशी असलेलं वाक्य ग्राहकाच्या नजरेला आणून दिलेलं नव्हतं, हे दुसरं. आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवू देणारी अट ही २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४६) मधल्या ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत नावानिशी आलेली आहे, हे तिसरं.

तिसऱ्या उत्तरात एक सापळा आहे, आणि त्यात भलेभले अडकतात. अनुचित कराराबद्दलच्या तक्रारी ऐकण्याचा आणि अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि त्याच्या वर राष्ट्रीय आयोगाला दिलाय (कलम ४७, ४९, ५८, ५९). जिल्हा आयोगाच्या कलमात तो नाही. त्यामुळे बेळगाव किंवा कोल्हापूरच्या तक्रारीत ‘अट क्रमांक अमुक रद्द करावी’ अशी विनंती घातलीत, तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अख्खी तक्रार परत येऊ शकते. जिल्ह्यात मागणी फक्त सेवेतल्या त्रुटीची आणि अनुचित प्रथेची ठेवा, आणि अट एकतर्फी असल्याने कंपनीला तिच्याआड लपता येणार नाही हे युक्तिवादात सांगा. काही हजारांसाठी राज्य आयोगात जाणं परवडत नाही. तो मार्ग मोठ्या रकमेसाठी किंवा बरेच जण एकत्र असतील तेव्हाच.

बॅनचं कारण कोणी सिद्ध करायचं

सुरुवातीचा भार तुमच्यावर: पैसे भरले, अकाउंट चालू होतं, बॅन झालं. त्यापुढे सॉफ्टवेअर वापरल्याचा पुरावा फक्त कंपनीच्या सर्व्हरवर आहे. जी गोष्ट एकाच पक्षाच्या खास माहितीतली आहे ती त्यानेच सिद्ध करायची, हे तत्त्व पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. म्हणून नोटिशीतच मागणी करा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या डिव्हाइसवर, कोणतं सॉफ्टवेअर आढळलं. ‘सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही’ असं उत्तर आलं, तर तेच उत्तर तुमच्या कामाचं.

कंपनी असंही म्हणेल की हा तांत्रिक, गुंतागुंतीचा वाद आहे, आयोगाची पद्धत संक्षिप्त, तेव्हा दिवाणी न्यायालयात पाठवा. म्हणून तक्रार साधी ठेवा. ‘हॅकिंग झालं’, ‘स्पर्धकांनी कट केला’ असले आरोप घालून स्वतःच ती गुंतागुंतीची करू नका.

आणि ग्राफिक्स वाढवणारं एखादं टूल, बदललेलं एपीके (गेम इन्स्टॉल करायची फाइल) किंवा निशाणा आपोआप लावणारी स्क्रिप्ट वापरली असेल, तर आपल्या वकिलाला खरं सांगा. तेव्हा फक्त पहिल्या कप्प्यातले २,९०० मागणं शहाणपणाचं. ‘माझ्या आयडीवरून मित्र खेळत होता’ असं ईमेलमध्ये लिहिणारे तर दर दुसरे. लॉगिन दुसऱ्याला देणं हाच बहुतेक अटींत स्वतंत्र भंग असतो, म्हणजे बचाव करताना कबुलीच दिली जाते.

वयाचा मुद्दा दुधारी आहे

अठरा वर्षांखालच्याचा करार मुळातच निरर्थक, हे १९०३ च्या मोहोरीबीबी निकालापासून ठरलेलं आहे. त्यामुळे सोळाव्या वर्षी मान्य केलेल्या अटी तुम्हाला बांधत नाहीत. पण अठरा पूर्ण झाल्यावर नव्या अटींवर पुन्हा बटण दाबलंत की तिथून पुढचा करार पक्का. शिवाय करारच नव्हता म्हटलं तर सेवा कोणत्या कराराखाली मागता, असा उलट प्रश्न येतो, आणि खोटी जन्मतारीख टाकल्याचंही निघतं. म्हणून वयाचा मुद्दा मुख्य करू नका. वडिलांच्या खात्यातून गेलेल्या १८,००० पुरते वडीलच पैसे देणारे ग्राहक आणि तुम्ही त्यांच्या संमतीने सेवा वापरणारे. दोघांचीही नावं तक्रारदार म्हणून घाला. मुलगा अजूनही अठराच्या आत असेल तर आई-वडिलांना किंवा कायदेशीर पालकांना त्याच्या वतीने तक्रार करता येते.

गटाने तक्रार, आणि मुदत

‘एकट्यानेच या, गटाने नाही’ हे कलम अमेरिकेतून आलेलं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटीच्या खटल्यात अशी कलमं उचलून धरली आणि गेम कंपन्यांनी ती भराभर आपापल्या अटींत घातली. ती भाषा भारतातल्या अटींतही तशीच येते. आपल्याकडे कलम ३५(१)(क) खाली समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येतं. अडचण कलमाची नाही, समान हितसंबंधाची आहे: प्रत्येकाच्या बॅनचं कारण वेगळं. गेमच बंद पडला किंवा सगळ्यांची वॉलेट गोठली, तर मात्र हा मार्ग चपखल बसतो.

‘तीस दिवसांत तक्रार न केल्यास हक्क संपला’ असं कुठे लिहिलं असेल तर करार कायद्याच्या कलम २८ मुळे ते निरर्थक आहे. १९९७ च्या दुरुस्तीनंतर हक्कच संपवणारी अटही त्यात आली. पण कायद्याची मुदत चुकवू नका. कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं, आणि ती बॅनच्या तारखेपासून मोजायची. ईमेलची देवाणघेवाण चालू राहिली म्हणून मुदत वाढत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं

गेम अनइन्स्टॉल करू नका, फोन रीसेट करू नका. बॅनचा मेसेज, तुमचा गेममधला आयडी आणि तारीख एकाच चौकटीत येईल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि अ‍ॅप उघडण्यापासून मेसेज दिसेपर्यंतचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. गुगल प्लेवरच्या खरेदीच्या पावत्या ईमेलमध्ये असतात. ऑर्डर क्रमांक जीपीए या अक्षरांनी सुरू होतो. त्या पावत्यांवर विक्रेता म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, चुकीचा घातला की प्रकरण तिथेच लंगडं पडतं. भारतीय कंपनीचं नाव कुठेच नसेल, सगळं परदेशी कंपनीच्या नावावर असेल, तर जिंकूनही वसुली कठीण, हे आधीच धरून चला. पावत्यांच्या जोडीला बँकेचा उतारा घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडे-अक्षरांचा ठसा) लिहावी लागते. आयोगात पुराव्याचे नियम थोडे सैल असतात, तरी हे जोडलेलं बरं.

बँकेत चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत उलटे फिरवण्याची मागणी, टाकू नका. बहुतेक अटींत चार्जबॅक हे बॅनचं स्वतंत्र कारण आहे. १९३० या हेल्पलाइनवर सायबर फसवणुकीची तक्रारही इथे लागू नाही.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल; माहिती तंत्रज्ञान नियम लागू होत असतील तर २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी १५ दिवस). दोन्हींचा उल्लेख करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण काही प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यानंतर उत्तर घेता येत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठानेच ठरवलंय. ४६ व्या दिवशी तारीख बघून हरकत घ्यायला विसरू नका. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. मूळ रकमेशी काही मेळ बसेल असा आकडा घाला. कंपनीला अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत करावं लागतं आणि आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. एवढ्या लहान रकमेसाठी बऱ्याच कंपन्या तेवढं करत नाहीत.

पैशांच्या गेमचं वेगळं

रमी किंवा फँटसी अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे अडकलेले असतील तर वरचं सगळं तसंच लागू होत नाही. करार कायद्याच्या कलम ३० मुळे पैजेची जिंकलेली रक्कम दाव्याने वसूल होत नाही. कौशल्याचा खेळ असल्याचा युक्तिवाद पूर्वी चालायचा. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका कर्नाटकासह वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. या कायद्यात शिक्षा गेम चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून भरलेली पण न खेळलेली रक्कम परत मागायला घाबरायचं कारण नाही. ती जिंकलेल्या रकमेपासून वेगळी काढून, वेगळ्या परिच्छेदात मागा. तुमचा गेम यात येत नाही. टॉप-अप करून स्किन घेणं म्हणजे पैसे जिंकायच्या आशेने डाव लावणं नव्हे.

नोटीस मिळाल्यावर कंपनी बऱ्याचदा तडजोडीचा ईमेल पाठवते: अकाउंट परत सुरू करतो, किंवा काही नाणी देतो, तुम्ही ‘सर्व मागण्या संपल्या’ असं लिहून द्या. आधी अकाउंट सुरू झालेलं आणि जुन्या वस्तू त्यात असलेल्या बघा, मगच उत्तर द्या. आणि पुन्हा बॅन झाल्यास आजची तक्रार काढता येणार नाही असं वाक्य त्यात असेल तर ते खोडून परत पाठवा.